सोसायटी, व्हाया सुपे

दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा आणि "सोसायटी कुठंय?" म्हणून विचारा. लोक ग्रामपंचायतीच्या आसपासच्या एखाद्या खोलीकडे बोट दाखवतील. आत एक सचिव, दोन लोखंडी कपाटं, भिंतीवर थकबाकीदारांची यादी. ही विकास सोसायटी. पूर्ण नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, पण एवढं लांब नाव फक्त बोर्डावर असतं. पीककर्ज इथून मिळतं आणि ३१ मार्चच्या आत त्याचं नवंजुनं करायचं तेही इथेच.

आता हाच प्रश्न हडपसरला विचारा. "कुठली सोसायटी? नाव सांगा, विंग सांगा."

दौंडहून पुण्यात नोकरीला येणाऱ्या आम्हा मंडळींच्या डोक्यात हे दोन्ही अर्थ सुखाने नांदत असतात. पण हा नुसता शब्दांचा योगायोग नाही. गावातली पीककर्जाची सोसायटी आणि तुमची स्विमिंग पूलवाली सोसायटी, दोघी एकाच कायद्याच्या लेकी: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. तालुक्याच्या ज्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात विकास सोसायटीची प्रकरणं जातात, तिथेच तुमच्या चेअरमनच्या तक्रारीही जातात. सभासद, ठराव, इतिवृत्त, अहवाल साल, थकबाकी हे सगळे शब्दसुद्धा सामायिक. चौथ्या मजल्यावर ईएमआय भरत बसलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या पीककर्जाचा कायदा का लागू होतो? तर त्याची गोष्ट सुरू होते आमच्याच भागात, भीमेच्या काठी. आणि गंमत म्हणजे ती सुरू होते एका पाडलेल्या घरापासून.

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातलं करडे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांसाठी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचं राहतं घर पाडायला घेतलं. गाव चिडलं. सावकारांवर बहिष्कार पडला, त्यांच्याकडे कोणी कामाला जाईना. ही बातमी गावोगाव पसरली. पुढे १२ मे १८७५ ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, सुप्यात भडका उडाला. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आजचा दौंड तालुकाही त्याच जुन्या भीमथडीतला.

या दंगलीचं एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा नोंदवलंय. लोकांना सावकार मारायचा नव्हता, त्याचे कागद जाळायचे होते. खतं, रोखे, वह्या काढून द्या. दिल्या तर तुम्हाला हात लावत नाही, असा एकूण मामला. आमच्या भाषेत सांगायचं तर लोकांनी थेट डेटाबेसच उडवला, आणि बॅकअप नव्हता. :)

कारणं बरीच होती. अमेरिकेत यादवी चालू असताना इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, दौंडावरून पुढे जाणाऱ्या रेल्वेच्या बांधकामावर रोख मजुरी मिळत होती, त्या जोरावर कर्जंही सहज मिळाली. १८६५ नंतर भाव कोसळले. वर नव्या पाहणीत शेतसारा वाढला. सारा रोख भरायचा, पीक हातात नाही, म्हणजे पुन्हा सावकाराचाच उंबरठा. आणि इंग्रजी कोर्ट कागद बघून निकाल देणार. कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला माहीत असो वा नसो.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्याने कर्जापायी होणारी अटक थांबवली, जुन्या हिशेबात मागे जाऊन बघायचा अधिकार कोर्टाला दिला. चांगलं झालं. पण सावकाराचे हात बांधले की सावकार कर्ज द्यायचंच थांबवतो. मग शेतकऱ्याने पैसा आणायचा कुठून? पुण्यात न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकी बँकेची योजना मांडली, पुरंदर तालुक्यात प्रयोग करून बघू म्हणाले. न्यायमूर्ती रानडे त्यांच्या बाजूने होते. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारलाही ती पटली. लंडनला गेली आणि तिथे फेटाळली गेली. (क्लायंट साइडला जाऊन मेलेली चांगली डिझाइनं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.)

मध्ये वीस वर्षं गेली. मद्रासमध्ये फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतल्या खेडेगावच्या पतपेढ्यांचा अभ्यास करून मोठा अहवाल लिहिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. कल्पना साधी होती. एकट्या माणसाची पत सावकार ठरवतो. दहा ओळखीची माणसं एकमेकांना जामीन राहिली तर त्यांची मिळून एक पत तयार होते. पण दहा माणसं एकत्र आली की कोणीतरी पैसे बुडवणार, कोणीतरी हिशेब लपवणार. म्हणून त्यांच्या डोक्यावर एक निबंधक, आणि दरवर्षी सक्तीचं लेखापरीक्षण. मुंबई इलाख्यातली पहिली शेतकी पतसंस्था १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला निघाली.

१९०४ चा कायदा फक्त कर्जासाठी होता. १९१२ मध्ये तो बदलून इतर कामांसाठीही संस्था काढायची मुभा मिळाली. त्या एका बदलातून आपली हाउसिंग सोसायटी जन्माला आली.

तेव्हा मुंबईत घरांची अवस्था भयंकर होती. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, नवे रस्ते आखले, नवे भूखंड पाडले. गावदेवी हा त्यातलाच एक भाग. कारवार-मंगळूरकडून कारकुनीसाठी मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वत मंडळींना परवडणारं भाड्याचं घर मिळेना. त्यांच्यातले श्रीपाद सुब्बराव तालमकी यांना सहकाराचा अनुभव होता. आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल पतसंस्था काढलेली होती, तीच पुढे बँक झाली. म्हणजे आधी पतपेढी, मग घरं. १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली आणि गावदेवीला इमारती उभ्या राहिल्या. आशियातली पहिली गृहनिर्माण सोसायटी म्हणून तिचं नाव घेतात. बंगळूरमध्ये १९०९ ला एक बिल्डिंग सोसायटी निघालीच होती, त्यामुळे 'पहिली' यावर वाद घालायला जागा आहे. पण एकाच इमारतीत जिने-गच्ची वाटून राहणाऱ्या आपल्या सोसायटीची खापरपणजी गावदेवीचीच.

तिथली मांडणी नीट बघा, कारण ती आजही तुमच्या बोकांडी बसलेली आहे. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर. सभासदाकडे संस्थेचे शेअर आणि त्याबरोबर येणारा एका घरात राहायचा हक्क. इंग्लंडमध्ये ईलिंगला १९०१ मध्ये हा प्रकार सुरू झाला होता. आपल्याकडे त्याला सरकारी मराठीत 'भाडेकरू सहभागीदारी संस्था' म्हणतात आणि बहुतेक फ्लॅटच्या सोसायट्या आजही याच वर्गात नोंदलेल्या असतात. सत्तर लाखांचं कर्ज काढून घेतलेल्या 'स्वतःच्या' घरात कायद्याच्या भाषेत तुम्ही एक प्रकारचे भाडेकरू-भागीदार असता. मग तुमच्या कर्जापायी कोणी तुमचा फ्लॅट जप्त करू शकतो का, की तो संस्थेचा म्हणून सुरक्षित? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर आणि राहायचा हक्क ही सभासदाची मालमत्ताच आहे, ती जप्त करून विकता येते, असा निकाल लागला १९७५ मध्ये. सुप्याच्या दंगलीला बरोब्बर शंभर वर्षं झाली होती.

गावदेवीच्या लोकांनी स्वतः एकत्र येऊन, स्वतः जागा मिळवून, स्वतः बांधलं. एकमेकांना ओळखणारी माणसं, आधी संस्था, मग इमारत. पुण्यातही १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांच्या सोसायट्या अशाच उभ्या राहिल्या: जमीन सरकारची, माणसं एका संकटातून आलेली. आपल्याकडे मात्र क्रम उलटा झाला. आधी इमारत, मग त्यात योगायोगाने शेजारी झालेली माणसं, आणि शेवटी (जमलं तर) संस्था.

हे उलटं कसं झालं, तर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्यासाठी चाळ बांधण्यात काही राहिलं नाही. मग बांधणाऱ्यांनी एकेक घर विकायला सुरुवात केली, 'ओनरशिप'वर. पन्नाशीच्या दशकात हा धंदा इतका वाढला आणि त्यात इतकी फसवणूक झाली की सरकारने १९६० मध्ये समिती नेमली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. लोक त्याला मोफा म्हणतात. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, पुरेशी गिऱ्हाइकं झाली की चार महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा, आणि सोसायटी झाली की जमिनीसकट सगळं तिच्या नावावर करून द्यायचं. हे शेवटचं म्हणजे कन्व्हेयन्स, अभिहस्तांतरण. कायद्यात तुरुंगवासाची तरतूद होती. तरीही पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंख्य बिल्डरांनी कन्व्हेयन्स केलंच नाही, कारण जमीन आपल्या नावावर राहिली की उद्या वाढणारा एफएसआयही आपलाच म्हणता येतो. शेवटी २००८ मध्ये कायदा बदलून 'मानीव अभिहस्तांतरण' आणलं, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स: बिल्डर सही करत नसेल तर त्याच्या वतीने सरकारचा अधिकारी करून देईल.

आता पुणेकरांसाठी खास गुंता. १९७० मध्ये एक वेगळाच कायदा आला, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. याचं कूळ सुप्याचं नाही, अमेरिकेचं. तिथे पोर्तो रिकोने १९५८ मध्ये आणि नंतर इतर राज्यांनी कॉन्डोमिनियमचे कायदे केले होते. इथे संस्था मालक नाही. प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा थेट मालक, आणि जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा अविभक्त हिस्सा, टक्क्यांत लिहिलेला. शेअर सर्टिफिकेट नाही. एक घोषणापत्र (डिक्लरेशन) आणि प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड. पुण्यात हा प्रकार भरपूर आहे. बिल्डिंगच्या नावावर मात्र जाऊ नका. 'अमुक अपार्टमेंट'ची सोसायटी असते आणि 'तमुक सोसायटी' कागदावर कॉन्डोमिनियम निघते.

फरक कळतो तो पैशाच्या आणि मताच्या वेळी. सोसायटीत १९६० च्या कायद्याप्रमाणे एक सभासद, एक मत. टू बीएचकेलाही एक, पेंटहाउसलाही एक. सर्व्हिस चार्जेसही फ्लॅटमागे सारखे, कारण वॉचमन मोठ्या फ्लॅटवर जास्त लक्ष ठेवत नाही. कॉन्डोमिनियममध्ये मत आणि खर्च दोन्ही हिश्शाच्या टक्क्यांप्रमाणे. पुण्यातल्याच एका कॉन्डोमिनियमचं भांडण उच्च न्यायालयात गेलं होतं. मोठ्या फ्लॅटवाल्यांना समान आकारणी हवी होती. १९७० च्या कायद्याखाली असाल तर हिश्शाच्या प्रमाणातच द्यावं लागेल, असं २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं. एक मांडणी माणसं मोजते, दुसरी चौरस फूट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला चालणारी निम्मी भांडणं 'आपण नक्की कुठल्या कायद्यात आहोत' एवढं तपासलं तर मिटतील. उरलेली पार्किंगची, ती मिटणार नाहीत.

पण सोसायटीच्या अंगातलं सुप्याचं रक्त बघायचं असेल तर कलम १०१ वाचा. वसुलीचं कलम. पीककर्जाची थकबाकी, पीक संरक्षण सोसायटीची, उपसा सिंचन सोसायटीची, असं करत करत त्याच यादीत हाउसिंग सोसायटीचा मेंटेनन्स येऊन बसतो. निबंधकाने दाखला दिला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. २०१९ मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं, हे कलम तिथे १५४ब-२९ या नावाने गेलं, पण हत्यार तेच. लेगसी कोड म्हणतात तो हा. ऊस उत्पादकासाठी लिहिलेलं फंक्शन, आणि आर्ग्युमेंट म्हणून त्यात तुमचा फ्लॅट नंबर.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आईबाबांच्या बिल्डिंगमुळे. दौंडात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, २००४ ची इमारत. वर सोळा फ्लॅट, खाली चार गाळे. बिल्डरने ना सोसायटी केली, ना अपार्टमेंट, ना कन्व्हेयन्स. वीस वर्षं कारभार एका वहीवर चालला. दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका महिन्याला वर्गणी गोळा करायचे आणि वहीत लिहायचे. वही चोख होती, पण तिला कायद्यात काही किंमत नव्हती. बिल्डिंगच्या नावाने बँकेत खातं नाही, ठेव नाही, आणि जो वर्गणी देत नाही त्याच्याशी जिन्यात न बोलणं हीच काय ती वसुलीची यंत्रणा. बहिष्कारच, करडे स्टाइल.

मग गच्ची गळायला लागली. वरच्या मजल्याचे चार फ्लॅट ओले. वॉटरप्रूफिंगवाल्याने आकडा सांगितला तेव्हा तळमजल्याचे गाळेवाले म्हणाले, आमच्याकडे गळत नाही. बरोबरच आहे, चार मजले वर गळतं ते त्यांच्यापर्यंत यायला अजून दहा वर्षं लागतील. खरं तर याचं उत्तर आदर्श उपविधींत लिहून ठेवलंय: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी, किमान पाव टक्का सिंकिंग फंड. फ्लॅटचा बांधकाम खर्च सहा लाख धरला तर वर्षाला साडेचार हजार आणि दीड हजार, म्हणजे महिन्याला पाचशे. वीस वर्षांत एकेका घराचे व्याज सोडून एक लाख वीस हजार जमले असते. वीस घरांचे चोवीस लाख. गच्ची त्यात आरामात झाली असती, आणि वर रंगही.

संस्था करायचं ठरलं तेव्हा पहिलं भांडण हेच: कुठली? गाळे क्षेत्रफळाने मोठे, शिवाय त्यातले तीन एकाच कुटुंबाचे. अपार्टमेंट केली तर टक्क्यांच्या मतांत त्यांचं पारडं जड. सोसायटी केली तर सोळा फ्लॅटांची मतं भारी. दोन्ही बाजूंना हे गणित बरोब्बर कळत होतं, पण बैठकीत कोणीही ते उच्चारत नव्हतं. सगळे 'बिल्डिंगच्या हिताचं' बोलत होते. सोडवलं शेवटी कायद्यानेच. अपार्टमेंटचं घोषणापत्र करायचं तर मिळकतीच्या मालकाने त्यावर सही करायला हवी, आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर. तो फोन उचलत नव्हता. सोसायटी मात्र बिल्डरच्या असहकाराच्या कारणावरून फ्लॅटधारकांना स्वतः नोंदवता येते. बाबा आणि ते वहीवाले काका दीड वर्ष तालुक्याच्या कार्यालयात चकरा मारत होते. "बाजूच्या बाकावर एका विकास सोसायटीचे संचालक बसलेले असायचे," बाबा सांगतात. "त्यांच्या थकबाकीचं काम, आमच्या गच्चीचं. साहेब एकच."

सोसायटी नोंदली गेली. पहिल्या सर्वसाधारण सभेत थकबाकीवरच्या व्याजाचा विषय निघाला. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे ते सरळव्याजाने जास्तीत जास्त २१ टक्के. एक गाळेवाले उसळून म्हणाले, ही तर सावकारी झाली! काकांनी शांतपणे चक्रवाढ नसल्याचं दाखवून दिलं आणि ठराव बहुमताने झाला.

गच्चीचं काम गेल्या उन्हाळ्यात झालं, निम्मे पैसे रोख आणि निम्मे हप्त्याने. मानीव अभिहस्तांतरणाचा प्रस्ताव पुण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल केलाय: सात-बारा, मंजूर नकाशा, वीस करारांच्या प्रती आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस. एक सुनावणी झाली. बिल्डरकडून कोणी आलं नाही. पुढची तारीख पडली आहे.